डिटेलिंगला दिलेली गाडी बिघडून आली तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिटेलिंग म्हणजे गाडीची आतून-बाहेरून बारकाईने सफाई आणि पॉलिश, आणि ते करणारा तो डिटेलर. गाड्यांच्या रंगकामात माझी बरीच वर्षं गेली. आता मी मुख्यतः दुसऱ्यांनी केलेलं काम तपासतो आणि मालकांना लेखी मत देतो. त्यामुळे रोज कुणी ना कुणी फोटो पाठवतं, आणि फोटोखाली बहुतेक वेळा खालचेच प्रश्न असतात. एक गोष्ट सगळ्या उत्तरांत पुन्हा पुन्हा येईल, म्हणून आधीच सांगतो. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, घासून गेला की परत येत नाही. नुकसान दिसल्यावर दुरुस्तीची घाई करू नका. आधी मोजा, नोंदवा.

१. गाडी घरी आणली आणि उन्हात गोल गोल ओरखडे दिसले. हे त्यांनी केले की आधीपासून होते?

ओरखड्यांची ठेवण पाहिली की बरंचसं कळतं. चुकीच्या पद्धतीने धुतल्याने, धुळीच्या फडक्याने पुसल्याने पडणारे बारीक ओरखडे सगळ्या गाडीभर विखुरलेले असतात. दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात. असे ओरखडे वर्षानुवर्षांचे असू शकतात.

मशीनचे व्रण वेगळे. रोटरी मशीन (एकाच अक्षावर गरगर फिरणारं पॉलिशचं यंत्र) जाड कंपाउंड (खरखरीत घासणारी पेस्ट) घेऊन फिरवलं आणि नंतर बारीक पॉलिशने ते नीट उतरवलं नाही, तर बॉनेटवर धुरकट पट्टे राहतात. तुम्ही बाजूला सरकलात की तेही सरकल्यासारखे वाटतात. यांना होलोग्राम म्हणतात आणि ते मशीन ज्या वाटेने गेलं त्याच वाटेने जातात. ते नैसर्गिकरीत्या पडत नाहीत. लहान शेपटीसारखे वेटोळे दिसले तर सँडिंगच्या चकतीखाली कण अडकला होता असं समजा.

नुसत्या जुन्या जाळीवरून डिटेलरला दोष देता येणार नाही. होलोग्रामवरून मात्र देता येतो, आधी दुसऱ्या कुणी मशीन फिरवलेलं नसेल तर.

२. नुकसान दिसलं. पहिल्या दिवशी नेमकं काय करू?

गाडी धुऊ नका, पुसू नका, कुणाला "जरा हात मारून" देऊ नका. तुमच्या हाताचा एक ओरखडा पडला तरी समोरचा तेच धरून बसेल.

मग फोटो. पॅनल, म्हणजे दार किंवा बॉनेटसारखा गाडीचा एक भाग, सावलीत घ्या आणि मोबाइलचा किंवा छोटा टॉर्च पॅनलला तिरपा धरा. समोरून मारलेल्या फ्लॅशमध्ये ओरखडे दिसत नाहीत, तिरप्या उजेडात उठून येतात. प्रत्येक जागेचे तीन फोटो काढा: लांबून, म्हणजे कुठला पॅनल ते कळेल, मध्यम अंतरावरून, आणि जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. नंबरप्लेट आणि किलोमीटरचा आकडा दिसणारा एकेक फोटो हवाच. एक सलग व्हिडिओ काढा, ज्यात गाडीभोवती पूर्ण फेरी होईल. मूळ फायली जपून ठेवा, कारण मेसेजिंग अ‍ॅपमधून पाठवलेल्या फोटोंतली तारीख-वेळेची माहिती बऱ्याचदा गळून पडते.

त्याच दिवशी डिटेलरला लेखी कळवा. फोनवर बोललात तरी मागोमाग दोन ओळींचा मेसेज टाका: गाडी कधी दिली, कधी घेतली, काय दिसलं, कधी दिसलं. रागाचे शब्द नकोत, आरोपही नकोत. सोबत विचारा की कोणतं मशीन, कोणते पॅड (मशीनला लावायच्या घासायच्या गाद्या), कोणती रसायनं वापरली. प्रामाणिक कारागीर हे सांगतो. उत्तर आलं नाही तर तीही नोंदच आहे.

गाडी देण्याआधीचे फोटो शोधा. विक्रीसाठी, विम्यासाठी, सहलीत, कुठेही काढलेले. एका मालकाचं प्रकरण त्याच्या मुलीच्या वाढदिवसाच्या फोटोवर उभं राहिलं होतं. मागे उभ्या गाडीच्या दारात खिडकीचं प्रतिबिंब स्वच्छ, धारदार दिसत होतं.

३. ताब्यात घेताना गाडी आरशासारखी होती. तीन-चार वेळा धुतल्यावर ओरखडे परत आले. असं कसं?

ओरखडे गेलेच नव्हते, बुजवले होते. काही पॉलिश आणि ग्लेझमध्ये तेलं आणि भराव असतात. ते चिरेत बसतात आणि उजेड विखुरणं थांबतं. शाम्पूने ते हळूहळू निघतात.

खात्री करायची तर लहानशा भागावर पाण्यात मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ मायक्रोफायबरने हलकेच लावून पुसा. ओरखडे लगेच उघडे पडले तर भराव होता. नव्याने रंगवलेल्या पॅनलवर हा प्रयोग करू नका, ताजा रंग मऊ पडू शकतो.

ही फसवणूक आहे का? पावतीवर काय लिहिलंय ते बघा. "वॅक्स" किंवा "ग्लेझ" घेतलं असेल तर तेच मिळालं. "पेंट करेक्शन" (ओरखडे घासून खरोखर काढणं) म्हणून पैसे घेतले असतील तर काम झालेलंच नाही आणि तुम्ही ते ठामपणे मागू शकता.

४. क्लिअर कोट किती गेला हे कळणार कसं?

कारखान्यातून येणाऱ्या गाडीवर प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट मिळून साधारण १०० ते १८० मायक्रॉनचा थर असतो. त्यातला क्लिअर कोट बहुधा ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ७० मायक्रॉन धरली तर आपण अर्ध्या केसाच्या गोष्टी करतोय हे लक्षात येईल. बारीक पॉलिश त्यातला एखादा मायक्रॉन किंवा त्याहूनही कमी नेतं. जाड कंपाउंड आणि लोकरीचा पॅड एका बैठकीत कितीतरी जास्त नेतात. ऊन अडवणारे घटक याच थरात असतात. तो फार पातळ झाला की आज गाडी चमकते आणि काही वर्षांनी टपावर, बॉनेटवर पांढुरके पोपडे सुटतात.

मोजायला पेंट थिकनेस गेज लागतो. साधा गेज लोखंडी आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर चालतो. प्लास्टिकच्या बंपरसाठी अल्ट्रासॉनिक प्रकारचा लागतो. नेमकं इथेच घोडं पेंड खातं: साधा गेज एकूण जाडी दाखवतो, एकट्या क्लिअर कोटची नाही. म्हणून एका आकड्यावर काही ठरत नाही. ज्या जागेला मशीन लागत नाही, जसं की दाराच्या आतली चौकट, तिथे आकडा घ्यायला हरकत नाही, पण तिथला थर मुळातच पातळ असतो. डाव्या दाराची तुलना उजव्या दाराशी करा, पॅनलच्या मध्याची त्याच्या कडेशी करा. प्रत्येक पॅनलवर पाच-सहा ठिकाणी मोजा आणि आकडे कागदावर गाडीचं चित्र काढून जागच्या जागी लिहा.

५. दाराच्या कडेला आणि बॉनेटच्या रेषेवर फिक्कट, निस्तेज डाग आहे. पॉलिशने जाईल का?

नाही. तिथे क्लिअर कोट संपून मशीन रंगापर्यंत, कधी प्रायमरपर्यंत पोचलं आहे. कडा आणि उंचवट्याच्या रेषांवर थर आधीच पातळ असतो, त्यात पॅडचा सगळा दाब एका रेषेवर येतो. चांगला कारागीर अशा कडांवर टेप लावतो. काम चालू असताना पॅडवर गाडीचा रंग उतरू लागला तर तीच धोक्याची घंटा. क्लिअर कोट नसलेल्या, एकाच थरात रंगवलेल्या जुन्या गाड्या याला अपवाद. त्यांचा रंग पॅडवर उतरणारच.

इलाज एकच, तो पॅनल पुन्हा रंगवणं. टच-अप पेनने भाग झाकला जातो, पण वरून रंगवल्यासारखा दिसत राहतो. मेटॅलिक रंग असेल तर रंग जुळून यावा म्हणून शेजारच्या पॅनलवर विरवत न्यावा लागतो. म्हणजे डाग नखाएवढा, काम दोन पॅनलचं. भरपाईच्या आकड्यात हे धरायचं विसरू नका (प्रश्न १३ पाहा).

६. ते म्हणतायत, "गाडी आणून द्या, फुकट पुन्हा बफ करून देतो." द्यावी का?

सगळ्यात जास्त नुकसान मी या टप्प्यावर झालेलं पाहिलं आहे.

एक काळी सेडान माझ्याकडे आली होती. पहिल्या कामानंतर बॉनेटवर होलोग्राम राहिले होते. नीट बारीक पॉलिश केलं असतं तर ते गेले असते. मालकाने गाडी परत दिली. त्याच माणसाने, त्याच रोटरीने, बहुधा जास्त जोर लावून पुन्हा घासलं. होलोग्राम कमी झाले पण गेले नाहीत, म्हणून तिसऱ्यांदा. मी गेज लावला तेव्हा बॉनेटच्या मध्यावर आकडा १०८ होता, डाव्या रेषेवर ७४. बोट फिरवलं तर काहीच लागत नव्हतं. टॉर्च तिरपा धरल्यावर त्या रेषेवर करंगळीच्या नखाएवढा निस्तेज ठिपका दिसला. पॉलिशने सुटणारं काम रंगकामावर गेलं होतं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

तरीही सरसकट नाही म्हणू नका. दुरुस्तीची संधी दिली होती हे पुढे तक्रारीत तुमच्या बाजूने मोजलं जातं. फक्त अटी लेखी ठेवा. आधी जाडी मोजून घेणार. काम दुसरा, अनुभवी माणूस करणार. पॅनलच्या एका कोपऱ्यात, साधारण दोन तळव्यांएवढ्या जागेत, आधी चाचणी करून दाखवणार आणि ती तुम्ही उन्हात पाहिल्याशिवाय पुढे हात लावणार नाहीत. बारीक पॅड आणि बारीक पॉलिशपासून सुरुवात करणार. यातली एखादी अटही नाकारली तर गाडी देऊ नका आणि दुसरीकडून काम करून घेऊन खर्च मागा.

नख अडकण्याइतका खोल ओरखडा असेल तर तो पॉलिशने पूर्ण काढण्याचा हट्ट कुणालाच करू देऊ नका. तेवढं खोल जायला लागणारा क्लिअर कोट सहसा नसतोच.

७. सिरॅमिक कोटिंग केलं. आता काही ठिकाणी गडद, तेलकट डाग दिसतात आणि कोटिंगखाली ओरखडेही दिसतात.

दोन वेगळ्या चुका आहेत. गडद किंवा इंद्रधनुषी डाग म्हणजे तिथे कोटिंग जास्त राहिलं आणि वेळेत पुसलं गेलं नाही. पहिल्या काही तासांत कळलं तर बऱ्याचदा तेच कोटिंग थोडं लावून लगेच पुसल्याने डाग सुटतो. कडक झाल्यावर तेवढा भाग पॉलिश करून पुन्हा लावावं लागतं. हे काम त्यांच्याकडून मागायला हरकत नाही.

कोटिंगखालचे ओरखडे मात्र तयारीच झाली नव्हती असं सांगतात. कोटिंग एक-दोन मायक्रॉनचं, काचेसारखं पारदर्शक असतं. ते ओरखडे भरत नाही. काढायचे तर आधी कोटिंगच घासून काढावं लागेल, म्हणजे क्लिअर कोटवर आणखी एक फेरी. प्रश्न ४ प्रमाणे मोजल्याशिवाय होकार देऊ नका.

८. अलॉय व्हील, खिडकीच्या चकचकीत पट्ट्या आणि काचेवर दुधाळ ओघळ आले आहेत.

हे रसायनाचं काम आहे. चाकं लवकर साफ व्हावीत म्हणून आम्लाचे क्लीनर मारतात. त्यातले फ्लोराइडवाले प्रकार उघडं अ‍ॅल्युमिनियम आणि काच दोन्ही खातात. उलट, जोरकस अल्कधर्मी डिग्रीझर अ‍ॅनोडाइझ केलेल्या पट्ट्यांवर पांढरे ओघळ सोडतो. तापलेल्या पृष्ठभागावर मारून तिथेच वाळू दिलं की दोन्ही अधिक खोल जातात.

ओलं फडकं आणि पातळ केलेलं व्हिनेगर लावून पाहा. निघालं तर ते पाण्याचे क्षार होते, देवाची कृपा समजा. पट्ट्यांवर व्हिनेगरही जास्त वेळ ठेवू नका. निघालं नाही तर थर खाल्ला गेला आहे: पट्टी बदलावी लागते, चाक पुन्हा लेपित करावं लागतं, काचेवरचा डाग हलका असेल तर सीरियम ऑक्साइडने पॉलिश होतो. समोरची काच फार घासली तर नजरेसमोर लाट दिसू लागते, तिथे बदलणंच बरं.

९. काळ्या प्लास्टिकवर पांढरे डाग राहिले. हेही मोठं नुकसान?

नाही. वाळलेलं पॉलिश किंवा वॅक्स आहे. मऊ ब्रश आणि सौम्य क्लीनरने निघतं, उरलंच तर वाफेने. टेप न लावल्याचा निष्काळजीपणा आहे, तेवढं सांगा आणि साफ करून घ्या. पॅडने प्लास्टिकचा दाणाच घासून गुळगुळीत झाला असेल तर मात्र तो भाग बदलावा लागतो.

१०. इंजिन धुऊन दिलं, तेव्हापासून गाडी झटके देते आणि इंजिनचा दिवा लागला आहे.

दिवा लुकलुकत असेल तर गाडी चालवू नका. मिसफायर होत असताना, म्हणजे इंजिनात इंधन नीट पेटत नसताना, न जळालेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो बिघडतो. मग साध्या ओलाव्याचं मोठं बिल होतं.

पाणी बहुधा स्पार्क प्लगच्या खाचांत, इग्निशन कॉइलवर किंवा एखाद्या कनेक्टरमध्ये शिरलेलं असतं. मेकॅनिककडून गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचून घ्या, स्क्रीनचा फोटो काढा आणि मगच कोड पुसू द्या. कॉइल काढल्यावर खाचेत पाणी दिसलं तर तिथेच फोटो घ्या. वाळल्यावर हा पुरावा नाहीसा होतो. कनेक्टर गंजून त्रास काही आठवड्यांनीही उद्भवतो, म्हणून आज गाडी सुरळीत चालली तरी लेखी कळवून ठेवा.

११. आतून साफ करून घेतली आणि सीट, छत, वास, सगळंच बिघडलं.

वास आला तर सीट किंवा गालिचा आतून ओला आहे. वरून कोरडा लागेल, पण गालिच्याखालच्या फोमात हात घालून बघा. दारं उघडी ठेवून, पंखा लावून वाळवा. नुसतं सुगंधी फवारलं तर बुरशी खाली वाढत राहते. छताचं कापड लोंबू लागलं तर जास्त पाण्याने किंवा वाफेने मागचा गोंद सुटला आहे. ते पुन्हा चिकटवून टिकत नाही, पूर्ण काढून बसवावं लागतं.

लेदरचं सांगायचं तर पांढऱ्या ओल्या फडक्याने हलकेच पुसा. फडक्यावर सीटचा रंग आला तर वरचा संरक्षक थर गेला. कडक ब्रश आणि जोरकस क्लीनर ही नेहमीची कारणं. त्यावर कंडिशनर चोपडून उपयोग नाही, लेदरचा रंग आणि थर नव्याने द्यावा लागतो. काचेच्या फिल्मवर आणि टचस्क्रीनवर अमोनियावाला क्लीनर मारला असेल तर फिल्म खराब होऊ शकते, स्क्रीनचा लेप धूसर होऊ शकतो.

सीटखाली पिवळे कनेक्टर दिसतात ते एअरबॅगचे. सफाईनंतर एअरबॅगचा दिवा लागला तर स्वतः ओढाताण करू नका, गाडी सरळ अधिकृत वर्कशॉपला न्या.

१२. टायर चमकवून दिले आणि ब्रेक नीट लागत नाही असं वाटतं.

थांबा. फवाऱ्याचा टायर ड्रेसिंग ब्रेकच्या डिस्कवर गेला असेल तर घर्षण कमी होतं आणि हे जिवावर बेतू शकतं. डिस्क ब्रेक क्लीनरने साफ होते. पॅडमध्ये सिलिकॉन मुरलं असेल तर पॅड बदलावेत. पॅडल आणि स्टिअरिंग गुळगुळीत लागत असतील तर गाडी सुरू करण्याआधी साबणाच्या पाण्याने पुसून कोरडे करा. फोटो काढायला दोन मिनिटं लागतात, पण या एका बाबतीत पुराव्यासाठी गाडी चालवत नेऊ नका.

१३. भरपाई किती मागू? संपूर्ण गाडी रंगवून मागता येते का?

बिघडलेल्या भागाची मागा. नीट दुरुस्तीचा खर्च, त्यासाठी लागणारं शेजारच्या पॅनलचं काम, तपासणीचं शुल्क, गाडी वर्कशॉपमध्ये असतानाचा प्रवासखर्च आणि फसलेल्या कामाचे दिलेले पैसे. कमीत कमी दोन ठिकाणांहून लेखी अंदाजपत्रक घ्या आणि त्यात "कारण काय दिसतं" हेही लिहायला सांगा. नुसत्या रकमेपेक्षा त्या एका ओळीला जास्त वजन असतं.

कारखान्याचा रंग जाऊन पॅनल पुन्हा रंगवला की विक्रीच्या वेळी खरेदीदार गेज लावतो आणि किंमत पाडतो. ही घटही मागण्यासारखी आहे. एका दारावरच्या डागासाठी पूर्ण गाडी मागितलीत तर मात्र तुमच्या खऱ्या मागणीवरचाही विश्वास उडतो.

१४. पावतीवर "नुकसानीस आम्ही जबाबदार नाही" असं छापलं आहे. मग संपलंच का?

तेवढ्यावर हात झटकता येतात असं समजू नका. दुसऱ्याची वस्तू कामासाठी ताब्यात घेणाऱ्याने ती वाजवी काळजीने सांभाळावी, हे तत्त्व अनेक देशांच्या कायद्यात आहे आणि छापील ओळ निष्काळजीपणाला नेहमीच झाकत नाही. नेमका नियम जागोजागी वेगळा, म्हणून तुमच्याकडच्या ग्राहक तक्रार यंत्रणेला विचारा. कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडे व्यवहारावर हरकत घेण्याची मुदत मर्यादित असते, ती आधी बघा.

सुटा, ठरावीक इशारा मात्र वेगळा. "या पॅनलवर थर फक्त ७५ मायक्रॉन आहे, घासलं तर रंग जाईल" असं लेखी सांगूनही तुम्ही हो म्हटलं असेल, तर जबाबदारी बरीचशी तुमच्यावर येते.

१५. विमा मिळेल का?

स्वतःच्या विम्याआधी डिटेलरकडे व्यवसायाचा दायित्व विमा आहे का ते विचारा, आणि ताब्यात घेतलेल्या ग्राहकाच्या गाडीवर काम करताना झालेलं नुकसान त्यात येतं का हेही. अनेक पॉलिसी नेमकं हेच वगळतात. तुमच्या पॉलिसीतही सदोष कारागिरीचं कलम वाचा. गाडी लीजवर असेल तर मालक कंपनीला कळवल्याशिवाय काहीही दुरुस्त करू नका.

१६. धुतल्यावर दगड लागून उडालेले रंगाचे टवके आणि टच-अपचे ठिपके दिसू लागले. हे आधी नव्हते.

बहुतेक होते. मळ, जुनं वॅक्स आणि भराव निघाला की खालचं सगळं उघडं पडतं. टवक्याच्या कडा पाहा: आत गंज किंवा काळपट मळ असेल तर जखम जुनी आहे. कडा पांढऱ्या, ताज्या असतील आणि रंगाचा तुकडा पाण्याच्या जोराने उचलल्यासारखा सुटला असेल, तर प्रेशर वॉशरची नळी फार जवळ धरली होती का ते विचारा. डिटेलरवर अन्याय होऊ नये म्हणून हा प्रश्न मी मुद्दाम ठेवला आहे.

१७. पॅनल आधी एकदा रंगवलेला होता हे मलाच माहीत नव्हतं. तिथेच रंग उडाला. दोष कुणाचा?

गेज लावला असता तर त्यांना पाच मिनिटांत कळलं असतं. शेजारी १२० आणि इथे २५० किंवा त्याहून जास्त आकडा आला तर पॅनल रंगवलेला, आणखी बराच वर गेला तर खाली पुट्टी. मोजल्याशिवाय करेक्शनला हात घालणं ही त्यांची चूक. पण पूर्वीचं रंगकामच कच्चं असेल आणि टेप काढताना रंग सोलून आला, तर चूक त्या जुन्या कामाची. सुटलेल्या पापुद्र्याचा तुकडा फेकू नका. त्याची खालची बाजू गुळगुळीत, चकचकीत असेल तर आधीचा पृष्ठभाग घासलाच नव्हता, आणि हे कुणाही रंगाऱ्याला दाखवून लेखी घेता येतं.

१८. माझी गाडी मॅट रंगाची आहे आणि त्यांनी त्यावर पॉलिश मारलं.

मॅट पृष्ठभागावर घासलेली जागा चमकते आणि ती चमक काढून पुन्हा मॅट करता येत नाही. पूर्ण पॅनल रंगवावा लागतो. फक्त वॅक्स लावलं असेल तर मॅट रंगासाठीच्या क्लीनरने उतरतं का, हे आधी एका कोपऱ्यात पाहा.

१९. पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म) काढल्यावर खाली कटरची सरळ रेघ निघाली. फिल्म लावून दोन वर्षं झाली. आता काय बोलणार?

बोला, कारण अशी रेघ सहसा दुसऱ्या कशाने पडत नाही. फिल्म गाडीवरच कापताना पातं रंगात गेलं की कडेशी समांतर, एकसारख्या खोलीची रेघ उमटते. फिल्मची कापलेली कड कुठे आहे आणि रेघ कुठे आहे, हे एकाच फोटोत येईल असं पाहा. म्हणून फिल्म पूर्ण ओढून टाकू नका, रेघ दिसताच थांबा, अर्धी फिल्म जागेवर ठेवूनच फोटो काढा. रेघ पत्र्यापर्यंत गेली असेल तर तिथून गंज सुरू होतो, तेव्हा फोटो झाल्यावर ती जागा उघडी ठेवू नका.